आटे की खुंटी

माझ्या मामासमोर कुठलाही बोल्ट ठेवा. तो डोळे मिटेल, बोल्ट अंगठ्यात आणि तर्जनीत एकदा फिरवेल आणि सांगेल, "दहाचा आहे, दीडचा आटा. आणि कुणा गाढवानं यावर पाना घसरवलाय." मग घ्या पट्टी आणि बघा मोजून. आम्ही भावंडांनी लहानपणी खूपदा मोजलं, पैजा लावल्या आणि दर वेळी तोंडावर आपटलो. पुढे पुढे पैज लावायला कुणी मिळेना, तेव्हा तो परक्या घरांत सुरू झाला. पाहुणा म्हणून गेला की गप्पा मारता मारता याचा हात खुर्चीखाली गेलाच समजा. निघताना यजमानांना सांगायचा, "डाव्या पायाचा स्क्रू ढिला आहे हो, कुणीतरी पडेल." मामीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

धरणाच्या वर्कशॉपमध्ये तो चौतीस वर्षं लेथवर होता. दांड्यावर आटे पाडायचे, म्हणजे स्क्रूला असतात तसल्या फिरत्या खाचा कापायच्या, हे त्याचं काम. मामी म्हणायची, "माझ्या डोळ्यांचा रंग विचारा, सांगता येणार नाही. नळाच्या तोटीला आटे किती ते झोपेतून उठवून विचारा." मामा यावर हसायचा आणि म्हणायचा, "साडेचार." मी त्याच्यामागे मामा मामा करत लहानपणापासून तिथं जायची, त्यामुळे सगळं धरण त्याला मामाच म्हणायला लागलं. साहेब लोकसुद्धा.

एक खोड मात्र होती त्याच्यात, आणि ती मी लपवणार नाही. 'चुकलो' हा शब्द त्याच्या तोंडातून मी कधी ऐकला नव्हता. एकदा त्यानं कापलेला दांडा अर्धा मिलिमीटर बारीक निघाला. तर म्हणे, "दांडा बरोबर आहे, बेअरिंग सुजलंय." एकदा बसमधून चुकीच्या थांब्यावर उतरला आणि भर उन्हात तासभर चालत घरी आला. चेहरा लालबुंद, चप्पल तुटलेली. मामीनं विचारलं तर म्हणाला, "पाय मोकळे करायचे होते." असा माणूस. प्रेमळ म्हणाल तर जीव टाकेल, पण कबूल करणार नाही.

मी त्याच धरणावर बिनतारी यंत्रांवर लागले, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. कशावरून? नर-मादीवरून.

हसू नका, सांगते. पाइपाचं, नळाचं, बोल्टचं काम करणारी माणसं जोडणीच्या दोन तुकड्यांना नर आणि मादी म्हणतात. आटे बाहेरून असले तर तो नर, आतून असले तर ती मादी. मामाचं अख्खं आयुष्य याच भाषेत गेलं. पण रेडिओच्या कामात आटे कुठं आहेत याला कुणी विचारत नाही. तिथं तोंडाच्या मधोमध बघायचं. मध्ये बारीक खुंटी असली, पिन म्हणतात तिला, तर नर. भोक असलं तर मादी. वीज खुंटीतून जाते ना, आट्यांतून नाही. सहा महिन्यांच्या शिक्षणात मास्तरांनी आम्हाला पहिल्या दिवशी हेच घोटून घेतलं होतं.

मामाला हे सांगितलं तर त्याचा पारा चढला. "कालचे रेडिओ आम्हाला नर-मादी शिकवणार? बाहेर आटे दिसताहेत डोळ्यांना आणि म्हणे मादी! तुझ्या मास्तराला म्हणावं चष्मा लाव." मीही कमी नाही. मी म्हटलं, "आटे नुसते धरून ठेवतात मामा, बोलते ती खुंटी." त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे सहा वर्षं जेवताना, चहा पिताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा वाद चालायचा. शेवटी मामीनं दम भरला, "चारचौघांत नर-मादी, नर-मादी करत बसता, लाजा नाहीत का दोघांना?" तेव्हा कुठं आम्ही गप्प बसलो. वाद मिटला नाही, नुसता झाकला.

आता धरणावरचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दारं उघडली की पाणी नदीत लोंढ्यानं जातं. खाली चार किलोमीटरवर नदी डोंगराला वळसा घालते. त्या वळणापलीकडे भोंगा ऐकू जात नाही, मोबाइलही तिथं मुका होतो. म्हणून दारं उघडायच्या आधी एक माणूस हातातला बिनतारी सेट घेऊन तिथं जायचा. नदीत कुणी कपडे धूत असेल, गुरं पाजत असेल, तर त्यांना बाहेर काढायचं आणि वर कळवायचं. हा माणूस म्हणजे उंच्या. ताडमाड, दरवाजात वाकूनच शिरायचा, आणि सदा हसरा. घरी बायको, दोन वर्षांची मुलगी.

आमच्या साहेबांना सेटवरच्या गप्पांचा भयंकर राग. कालव्यावरचे सगळे पहारेकरी आणि आम्ही एकाच चॅनेलवर होतो, आणि एकदा कुणाच्या तरी म्हशीच्या चौकशीत एक महत्त्वाचा निरोप बुडाला होता. तेव्हापासून साहेबांनी नियम केला. अडचण असेल तरच बोलायचं. एकदाच बोलायचं, स्पष्ट बोलायचं, आणि उत्तराची वाट बघायची नाही. 'हो', 'ऐकलं', 'बरं', सगळं बंद. वळणावरून उंच्या काही बोलला नाही म्हणजे नदी मोकळी. खोटं कशाला बोलू, मला तो नियम आवडायचा. दिवसभर कानात कटकट नाही, डोकं शांत.

तो दिवस असा. वरच्या डोंगरात दोन दिवस पाऊस कोसळत होता, आमच्याकडे मात्र कोरडं ऊन. तलाव चढत होता. वरच्या कचेरीतून हुकूम आला, तीन वाजता दारं उघडा. सकाळी अकराच्या सुमाराला उंच्या सायकलवरून पडला. त्याला काही झालं नाही, पण कमरेच्या सेटची अँटेना मुळातून मोडली. असले हातातले सेट आमच्याकडे दोनच, कालव्यावरचे सगळे चौक्यांत बसवलेले. एक उंच्याकडे, एक साहेबांच्या कमरेला. मी कंट्रोल रूममध्ये मोठ्या सेटवर अडकलेली. तेव्हा उंच्या गेला थेट मामाकडे, आणि मामा गेला स्टोअरमध्ये.

एक वाजता मामानं खालच्या वर्कशॉपमधून मला हाक दिली, सेटवरून. "भाचेबाई, ऐकू येतंय का?" आवाज खणखणीत. साहेब शेजारीच उभे होते, त्यांनीही ऐकला. म्हणाले, "मामा म्हणजे मामा." मीही हसले. नियम मोडून म्हटलं, "ऐकू येतंय, ठेव आता." सव्वाला उंच्या सायकल दामटत निघाला. खिडकीखालून मला हात करून गेला.

दोन वीसला मला चहाची तल्लफ आली, म्हणून मी खाली वर्कशॉपमध्ये उतरले. मामा पाठमोरा, लेथ चालू. बाकावर एक फाटलेलं पाकीट पडलं होतं. त्यावर माझं अक्षर. 'मादी'.

मी ते झडप घालून उचललं.

ते पाकीट मीच लिहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी. दुकानदारानं एकदा चुकीच्या अँटेना पाठवल्या होत्या. दिसायला हुबेहूब आमच्यासारख्या. आतून आटे, तेच माप, तीच लांबी. फरक एवढाच की मध्ये खुंटीच्या जागी भोक. आमच्या सेटच्या तोंडातही भोकच असतं. म्हणजे ही अँटेना सेटवर अशी गपकन बसणार की बघत राहावं, आणि आत मात्र भोकासमोर भोक. कुणी कुणाला शिवतसुद्धा नाही. परत करायच्या म्हणून मी त्या वेगळ्या ठेवल्या आणि माझ्या भाषेत नाव घातलं. मध्ये भोक, म्हणून मादी. चांगल्या अँटेनांच्या पाकिटावर लिहिलं, नर. झालं माझं काम. 'चुकीच्या' असा एक शब्द लिहायला मला काय झालं होतं, देव जाणे.

"मामा!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यानं लेथ बंदच केलं. "उंच्याला यातली बसवलीस?"

"मग काय तुझ्या वेणीला बसवली?"

"ही मादी आहे!"

"मादीच पाहिजे. सेटला बाहेरून आटे, म्हणजे सेट नर. नराला मादी. आणि पाकिटावर तूच लिहिलंयस, मला वाचता येतं अजून. अशी बसली की केस जाणार नाही मधून."

"मी आट्यांवरून नव्हतं लिहिलं मामा. खुंटीवरून लिहिलं होतं."

पाकिटात दुसरी अँटेना शिल्लक होती. मी ती त्याच्या हातात दिली. त्याचा अंगठा सवयीनं आट्यांवर फिरायला लागला, तर मी त्याचं मनगटच धरलं. "आटे नको बघूस. मध्ये बघ. तुझं भिंग घे आणि मध्ये बघ."

त्यानं खिशातलं भिंग काढलं, खिडकीपाशी गेला. बराच वेळ बघत राहिला. एवढ्याशा तोंडात बघायला असतं काय, पण तो बघतच राहिला.

"सेटच्या तोंडात भोक आहे," मी म्हटलं, "आणि हिच्याही. खुंटी कुणाकडेच नाही."

"आवाज आला होता."

"चाळीस पावलांवरून आला होता! तेवढ्यावर अँटेना नसती तरी आला असता."

"वळणावरून?"

"वळण सोड. कुंपणाच्या फाटकापर्यंत गेला तरी नशीब समज."

मामाच्या कपाळावर घाम आला. पण अजून त्याची मान ताठ होती, मी ओळखते ना त्याला. ओठ हलत होते, कुठलं तरी बेअरिंग सुजलंय का ते शोधत होता. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, इतका राग आला की सांगता सोय नाही. मी त्याला तिथंच सोडून जिन्यानं वर पळाले.

सेट उचलला आणि हाका मारायला लागले. "उंच्या! कंट्रोल बोलतेय. ऐकू येत असेल तर बोल. उंच्या!" एकदा, दोनदा, तीनदा. खरखर. साहेब आतल्या खोलीतून धावत आले.

"काय चाललंय? चॅनेल मोकळा ठेवा."

"साहेब, उंच्याची अँटेना चुकीची लागलीय. त्याचं बोलणं इथं पोचणार नाही. दारं उघडू नका."

"तो काही बोललाय का?"

"पोचणारच नाही तर बोलेल कसा?"

"तुम्ही हाका मारल्यात, त्यानं उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायचं नाही असा नियम आहे. बोलला नाही म्हणजे नदी मोकळी." साहेब घड्याळाकडे बघत होते. दोन पस्तीस. "आणि एक वाजता आवाज मी स्वतः ऐकलाय. मामांनी बसवलीय ना ती?"

"हो, पण..."

"मामांचा हात चुकला असं मी चार वर्षांत बघितलं नाही. तुम्ही उगाच घाबरताय. तलावाची पातळी बघा, लाल रेघेला तीन बोटं उरलीत. वरून हुकूम आहे, मी काय सांगू त्यांना? भाचीला शंका आली?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि साहेबांसमोर रडायचं नव्हतं. मी पाकीट पुढे केलं, नर-मादी समजावायला लागले, आटे आणि खुंटी आणि भोक. शांत माणसाला समजवायला अर्धा तास लागतो ते मी अर्ध्या मिनिटात सांगत होते. साहेबांच्या डोक्यावरून गेलं. जाणारच. त्यांनी दारं उघडायच्या पॅनेलची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मामाचा गुडघा धरलेला असायचा, तो जिना त्यानं वर्षभरात चढला नव्हता. धापा टाकत दारात उभा राहिला. एका हातात ती शिल्लक अँटेना.

"साहेब, तुमचा सेट द्या जरा."

साहेबांनी कमरेचा सेट काढून दिला. मामानं त्याची अँटेना फिरवून काढली आणि दोन्ही अँटेना साहेबांच्या डोळ्यांपुढे धरल्या. "या तुमच्या अँटेनेत मधोमध खुंटी आहे, बघा. या दुसरीत नाही. उंच्याला मी ही दुसरी लावून दिली."

"पण आवाज तर..."

"तो जवळ होता म्हणून आला." मामानं दोन्ही अँटेना टेबलावर ठेवल्या. "साहेब, मी चुकलो. माझ्या हातानं चुकलं. दारं उघडू नका."

मी म्हटलं, "साहेब, पाकिटावर नाव मी..."

"तू गप," मामा म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लिहिलेलं बघून काम करायला मी काय पोस्टमन आहे? तोंडात बघायला पाहिजे होतं, मी बघितलं नाही."

साहेब मामाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी इतका वेळ घसा फोडून जे सांगत होते ते त्यांना आत्ता कळलं. माझ्याकडून नाही, त्या चेहऱ्यावरून. त्यांनी किल्ली पुन्हा खिशात टाकली.

"तीनला उघडायचं होतं. तीन वीसपर्यंत थांबतो. त्यापुढे भिंतीवरून पाणी जाईल, मग माझ्या हातात काही नाही. जीप?"

"त्या पायवाटेवर जीप जात नाही," मामा म्हणाला. "माझी मोटारसायकल आहे."

मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेली एक चांगली अँटेना काढून पुढे केली. मामानं मान हलवली. "उंच्यानं सेटचं बटण दाबून दाबून बोलायचा प्रयत्न केला असेल तर?"

त्याला ते सुचलं, मला सुचलं नव्हतं. अँटेना न जोडलेल्या सेटवरून बोलत राहिलं तर तो सेट आतून जळू शकतो. मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं, भांडताना. "साहेबांचा सेट अख्खा घेऊन जा," मी म्हटलं.

त्यानं तिथंच सेटवर साहेबांची अँटेना पुन्हा चढवली. बसवण्याआधी दोन्ही तोंडांत वाकून बघितलं. मग गेला. खाली मोटारसायकल पहिल्या लाथेला सुरू झाली नाही, दुसऱ्या लाथेलाही नाही. मी खिडकीची चौकट धरून उभी होते. तिसऱ्या लाथेला झाली.

दोन अठ्ठेचाळीस.

आता सांगण्यासारखं काही नाही, नुसतं थांबणं होतं. आणि त्याहून वाईट काही नसतं. साहेबांनी भोंगा वाजवला, एकदा, पुन्हा एकदा, निदान अलीकडचे तरी बाहेर पडावेत म्हणून. मी सेटला कान लावून बसले. खरखर, खरखर. मधेच कालव्यावरचा एक जण विचारायला लागला, भोंगा का वाजतोय, तर साहेबांनी माझ्या हातातून सेट घेऊन त्याला असं झापलं की पुन्हा चॅनेलवर कुणी खोकलासुद्धा नाही.

तीन वाजले. साहेब पॅनेलपुढे उभे होते, हात मागे बांधून. फोन वाजला. वरची कचेरी. "उघडली का?" मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. साहेब म्हणाले, "एका दाराची मोटर तापलीय. वीस मिनिटं." आणि फोन ठेवला. सरळ सरळ थाप. त्या माणसाच्या नावानं मी मनात किती बोटं मोडली होती त्या दुपारी, पण त्या एका थापेपायी सगळं माफ केलं.

तीन पाच. तीन दहा. लाल रेघेला एक बोट उरलं. माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. मामाचं वय अठ्ठावन्न, वाट दगडांची, गुडघा असा. तो कुठंतरी आपटला असेल तर? मग तिथूनही काही आवाज येणार नाही, आणि आम्ही इथं बसून शांततेचा काय अर्थ लावायचा? नदी कदाचित खरंच मोकळी असेल. उंच्या झाडाखाली बसून गाणं म्हणत असेल आणि आम्ही उगाच धरण धोक्यात घालत असू. मी देवाला म्हटलं, असंच असू दे. मामाला वेड्यात काढू दे सगळ्यांनी, मलाही काढू दे, पण असंच असू दे.

तीन पंधरा. साहेबांनी किल्ली काढली आणि पॅनेलमध्ये लावली. फिरवली नाही, नुसती लावली. "पाच मिनिटं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

तीन वाजून अठरा मिनिटांनी खरखर तुटली.

"कंट्रोल... मी आहे, मी." मामा. धाप इतकी की शब्द कळेना. "नदीत माणसं आहेत. उघडू नका. ट्रॅक्टर रुतलाय मधोमध, वाळूत. थांबा, मोजतो... पाच, सहा, सात. उंच्या धरून आठ. उंच्या पण पाण्यात आहे."

साहेबांनी किल्ली उपटून काढली. मी बोलायला गेले, पण मामानं बटण सोडलंच नव्हतं. तो सेट हातात घट्ट धरून काठावर उभा असणार, आणि अंगठा तसाच दाबलेला. त्यामुळे आम्हाला बोलता येईना, तिथलं सगळं मात्र ऐकू यायला लागलं. पाण्याचा आवाज, ट्रॅक्टरची घरघर, आणि "हां, आणखी जोर लावा" म्हणून माणसांचा गलका. कुणीतरी हसत होतं.

"उंच्या!" मामा ओरडला. "अरे बाहेर या! सगळे बाहेर या रे!"

लांबून उंच्याचा आवाज आला. निवांत, नेहमीसारखा.

"येतो हो मामा! पुढचं चाक निघालं की आलोच. घाई कसली एवढी? मी दोन वाजताच साहेबांना सांगितलंय सेटवरून, माणसं आहेत, दारं थांबवा. ते काही बोलले नाहीत, म्हणजे थांबवलीत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि तिथंच पॅनेलला पाठ टेकून जमिनीवर बसले.

मग मामा बोलला. आता ओरडत नव्हता.

"नाही पोचलं रे तुझं बोलणं. कुणीच ऐकलं नाही. मी तुला चुकीची अँटेना लावून दिली होती. चूक माझी. तू आधी बाहेर ये, बाळा."

बटण अजून दाबलेलंच होतं. कालव्यावरच्या सगळ्या सेटांवर ते ऐकू गेलं.